न ढकललेलं दार

तानुबाई साताऱ्याच्या एका मिशन शाळेत धुण्या-इस्त्रीला होती. बाप्तिस्म्याचं नाव तेरेजा, पण त्या नावानं तिला फक्त फादर इनास हाक मारायचे. ते वसईकडचे. त्यांचे पांढरे झगे ती कोळशाच्या इस्त्रीनं असे करायची की फादर अंगणातून जाताना पाय टेकत नाहीत असं वाटायचं.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, ती झगे घेऊन चर्चमागच्या खोलीकडे निघाली होती. खिडकीतून दिसलं, शाळेतली एक तरुण शिक्षिका रडतेय आणि फादरांचा हात तिच्या डोक्यावर आहे. तानुबाई तशीच मागं फिरली. मोठ्या सिस्टरांना तिनं ते सांगितलं. दार उघडं होतं का, असं सिस्टरांनी विचारलं तेव्हा ती बोलून गेली, "आतनं कडी हुती."

महिन्याभरात फादरांची बदली झाली. त्यांनी स्वतःच्या बाजूनं एक शब्द काढला नाही. शिक्षिकाही निघून गेली.

नऊ वर्षांनी लालासाहेब नावाचा सरकारी कारकून तिच्याकडे आला. मूळचा सांगलीचा, नाटकवेडा. स्पर्धेसाठी त्याच्या मंडळींनी बसवलेल्या नाटकात एक सिस्टर एका फादरवर संशय घेते, आणि फादरचा झगा सांगलीत कुणाला नीट बेतता येत नव्हता. वर्षानुवर्षं हाताखालून गेलेल्या झग्यांच्या मापानं तानुबाईनं तो शिवला. सुरकुती नको म्हणून स्वतःच मांडीवर धरून एस्टीनं सांगलीला घेऊन गेली.

दुपारचा प्रयोग होता. ती विंगेत स्टुलावर बसली. निळसर उजेडात तो झगा तिच्या समोरून गेला आणि तिला क्षणभर कळेना, आपण कुठल्या साली आहोत. धुपाचा वास येत होता, तो रंगमंचावरचा की आठवणीतला, तेही कळेना. मग फादर झालेला नट हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, तुम्ही पाहिलंत किती आणि जोडलंत किती?"

नाटकात फादर दोषी होता की नव्हता, हे शेवटपर्यंत सांगितलंच नाही. लोक वाद घालत बाहेर पडले. तानुबाई स्टुलावरून उठली नाही. लालासाहेबानं पाणी आणून दिलं, तेही तसंच राहिलं.

साताऱ्याला परतल्यावर ती मोठ्या सिस्टरांकडे गेली. दाराला आपण हातही लावला नव्हता, कडी आपल्या मनातली होती, असं तिनं सांगितलं. सिस्टरांनी हातातली माळ बाजूला ठेवली. मग त्यांनी वसईतल्या आश्रमाचा पत्ता लिहून दिला. फादर आता थकले होते, तिथंच असायचे.

दिवाळीच्या सुट्टीत तानुबाई वसईला गेली. केळीच्या बागेकडे तोंड करून फादर आरामखुर्चीत बसले होते. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"तेरेजा," ते म्हणाले, "दार कसं होतं, हे मलाही आता आठवत नाही."

ती शिक्षिका का रडत होती, हे त्यांनी सांगितलं नाही. तानुबाईच्या ओठांवर प्रश्न आला होता. विचारायचा हक्क आपला न्हाई, असं तिला वाटलं. फादरांनी साताऱ्याच्या थंडीची चौकशी केली, यवतेश्वरच्या घाटात अजून तसंच धुकं उतरतं का म्हणाले. ती शेजारी जमिनीवर बसली आणि ऊन बागेपलीकडे जाईपर्यंत त्यांना धुक्याबद्दल सांगत राहिली.