रस्त्याकडची खिडकी

आमची रस्त्याकडची खिडकी आतून नायलॉनच्या दोरीने बांधून ठेवली आहे. बिजागऱ्या गंजल्यात. उघडली, तर झडप थेट फुटपाथवर पडायची. घर वारसा यादीत असल्यामुळे नवी झडप बसवायला परवानगी लागते. पाहणीला आलेले साहेब तसे सभ्य होते. "वहिनी, परवानगी येईपर्यंत दर्शनी भागाला हात लावू नका. मागे काय हवं ते करा," म्हणाले. मागची भिंत शेजारच्या इमारतीला चिकटलेली आहे. तिथे काय करणार, कपाळ? जाताना त्यांनी बजावलं, दोरी तेवढी बाहेरून दिसू देऊ नका.

सासऱ्यांना दमा आहे. "उघड गं जरा," म्हणतात, आणि लगेच स्वतःच, "राहू दे." ते 'राहू दे' ऐकवत नाही. जुनं जपावं, हे मलाही कळतं. याच खिडकीच्या निळ्या काचांवर भाळून मी या स्थळाला होकार दिला होता. आता त्याच काचांना नाक लावून बाहेरचा वारा नुसता बघते; समोरच्या झाडाची पानं हलतात, तेवढाच.

काल जुनी घरं बघत फिरणारा एक घोळका खाली थांबला. एका मुलीने कॅमेरा वर धरला आणि माझ्याकडे बघून हात हलवला. बरं वाटलं. मीही हलवला. तिने पुन्हा हलवला, या वेळी जरा वैतागून. मग माझ्या लक्षात आलं, ती मला बाजूला व्हायला सांगत होती. तिला नुसती खिडकी हवी होती.

मी बाजूला झाले.