मामांची दगडाची कुऱ्हाड

लाखो वर्षांपूर्वीच्या आदिमानवाचा कोल्हापुरात कुणी सख्खा नातेवाईक उरला असेल, तर तो म्हणजे माझे मामेसासरे. साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर असलेला हा माणूस निवृत्तीनंतर तालमीच्या कट्ट्यावर निवांत बसेल, ही मामींची भाबडी आशा. पण एकोणीसशे नव्वदच्या सुमारास नातीच्या इतिहासाच्या पुस्तकात आदिमानवाचं चित्र दिसलं आणि मामा बिघडले. "दगडाची कुऱ्हाड करायची आन् तिनं ऊस तोडायचा," त्यांनी जाहीर केलं. "त्या उघड्यानागड्याला जमलं, मला न जमायला काय झालं?"

परसात नदीतले काळे दगड येऊन पडले. फिटरच तो! दगड वाईसच्या लोखंडी जबड्यात करकचून आवळायचा, कॅलिपरनं माप घ्यायचं आणि मग हातोडा. पहिल्याच ठोक्याला दगड उभा दुभंगायचा. सात वर्षं हेच! ढिगाऱ्यात मामींची तुळस दिसेनाशी झाली. शेवटी मी भीत भीत म्हटलं, "मामा, त्यांच्याकडं वाईस कुठला?" मामा स्वतःचा अंगठा माझ्या नाकासमोर नाचवत गरजले, "ह्यो हाय की! माकडाचा माणूस ह्यानंच केलाय, पावणं!" त्या दिवसापासून दगड हातात आला आणि खरंच आकार घ्यायला लागला.

कुऱ्हाडीला धार चढत असतानाच मामांना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला. मामी घास भरवायच्या आणि हा गडगडाटी माणूस भिंतीकडं तोंड करून गिळायचा. मला ते बघवायचं नाही. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. मामांनी तो भिरकावला आणि अर्धवट कुऱ्हाड मागितली. ती उजव्या तळहातावर ठेवायची, डाव्या हातानं एकेक बोट तिच्यावर दुमडायचं, अंगठा सगळ्यात शेवटी. दगड धप्पकन खाली. मामी उचलून द्यायच्या. "पुन्यांदा," मामा म्हणायचे. वर्षभर त्या घरात हाच एक शब्द.

एका सकाळी मी गेलो, तर मामा परसात बसून उजव्या हातानं उसावर घाव घालत होते. तोडणं कसलं, चेचणंच ते! पण कांडं तुटलं. त्याच हातानं त्यांनी ते मामींच्या तोंडाशी नेलं. "धर की. वरीसभर तू भरवलंस."

मामी रडत रडत म्हणाल्या, "आधी धुवून तरी आणायचा!"

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. कुऱ्हाड माझ्या टेबलावर असते. मामी आल्या की चहा निवेपर्यंत ती हातात धरून बसतात.