शेवटचं रीळ आलंच नाही

भूमचा आठवडी बाजार होता त्या दिवशी. साल साठ-एकसष्ट असेल, मी दहा-अकरा वर्षांची. बाजार उरकून आम्ही पत्र्याच्या थेटरात दुपारचा खेळ बघायला गेलो... आणि तिथंच आमच्या घराचं वाटोळं झालं.

वडील आणि थोरले काका बांधावरून तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. सिनेमातही तसलेच दोन भाऊ. धाकटा खोटी साक्ष देऊन थोरल्याला तुरुंगात धाडतो, थोरला सुटून सूड घ्यायला येतो. पण शेवटी दोघं गळ्यात पडतात, असं मामानं बार्शीला बघून आईला सांगितलेलं.

आई बिचारी त्या शेवटावर आशा लावून बसली. वडिलांना तिनं आणलं, काकूला निरोप धाडून काकांनाही यायला लावलं.

दोघं दोन टोकांना बसले. पडद्यावरचा थोरला बंदूक घेऊन धाकट्याच्या दारात उभा राहिला... आणि दिवे लागले. शेवटच्या रिळाची पेटी एसटीनं आलीच नव्हती. "खेळ इथंच सपला," म्हणून मालक मोकळा झाला.

बाहेर आल्यावर वडील आईला म्हणाले, "बघितलंस? थोरला असलाच असतोय." तिकडं काका कुणाला तरी सांगत होते, "खोटी साक्ष कुणी दिली? धाकट्यानंच न्हवं?"

आमच्याकडं तेव्हा धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नसे. पंधरा वर्षांत आईचा आवाज काकांच्या कानावर पडला नव्हता. त्या दिवशी ती पदर ओढून, भर बाजारात त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भावजी, फुडं लई चांगलं हाय. गळ्यात पडत्यात दोघं."

काकांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. वडिलांना म्हणाले, "आता बायकोला फुडं करतूस व्हय?"

वडिलांची मान खाली गेली. आईला मागं टाकून ते तडक घराच्या वाटेला लागले. मला इतका राग आला होता दोघांचा, अजून येतो.

बांधाचं भांडण पुढं सरकारी मोजणीत मिटलं. पण "धाकटी भर बाजारात तोंड वर करून बोलली" हे काही मिटलं नाही. आई गेली तेव्हा काकांनी सुतकही पाळलं नाही...

हल्ली नातू म्हणतो, आजी, मोबाईलवर शोधून देतो तो सिनेमा. मी नको म्हणते. मामा बहिणीच्या समाधानासाठी वाट्टेल ते सांगायचा. तो शेवट त्यानं मनानंच रचलेला निघाला, तर मला सोसायचं नाही...