दहाच्या वेषातली अकरा

किरगिझस्तानातल्या कोचकोर गावी वरच्या गल्लीत पहिला बर्फ पडला की म्हाताऱ्या माणसांची पावलं आपसूक कालमुर्झाच्या घराकडे वळत. बायका बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पुरचुंडी घेऊन येत. पुरुष काठी दाराशी टेकवून, बुटांवरचा बर्फ झटकून आत येत. मग सगळे भिंतीलगतच्या लोकरी जाजमांवर बसून दूध घातलेल्या चहाची वाट बघत. चहा फिरला की कालमुर्झा सिनेमा लावी. सिनेमा कुठल्या तरी लांबच्या देशातला असे, पण त्यातली माणसं किरगिझ बोलत, आणि सगळी एकाच आवाजात बोलत. तो आवाज कालमुर्झाचा.

दिवसा तो शाळेच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकी. वर्षानुवर्षांच्या त्या धुराने त्याचा गळा असा काही घडवला होता की तो बोलू लागला की विहिरीच्या तळाशी दगड सरकल्यासारखं वाटे. त्या आवाजात राजा बोले, राणी बोले, चोर बोले आणि चोराच्या मागावरचा शिपाईही बोले. तरी आता कोण बोललं, असं कुणाला विचारावं लागत नसे. पोरंटोरं असले सिनेमे रशियनमधून फोनवर बघत, त्यांना याची गरज नव्हती. ज्यांचं रशियन बाजारातल्या घासाघिशीपुरतंच होतं, अशा माणसांसाठी कालमुर्झा उन्हाळाभर एकेक सिनेमा समजून घेई, त्याची वाक्यं आपल्या भाषेत जुळवी आणि माइकपुढे बसून बोले. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी काही देतही नव्हतं. त्याला एकच गर्व होता. तो आपला आवाज कुणाला फोनवर उतरवून देत नसे.

"ऐकायचं असेल तर घरी या," तो म्हणे. "चहा आहे, शेगडी पेटलेली आहे. माझा आवाज खिशात घालून हिंडायला तो काय काडेपेटी आहे?"

त्याच्या या उद्योगात पहिल्यापासून एक सोबती होता, रिस्पेक. दोघं एकाच वर्षी, एकाच गल्लीत जन्मलेले, म्हणजे कुर्दाश. कुर्दाशाने आपली टोपी चिखलात फेकली तरी हसायचं. त्याने आपल्या बायकोसमोर आपल्याला गाढव म्हटलं तरी हसायचं आणि संधी मिळाली की परतफेड करायची. कुर्दाशावर रागावणारा माणूस आमच्याकडे हलक्या मनाचा ठरतो. सुरुवातीच्या हिवाळ्यांत रिस्पेक माइकच्या दुसऱ्या बाजूला बसे. दोन लाकडी वाट्या आपटून तो घोड्याच्या टापा काढी आणि छातीवर थाप मारून बंदुकीचा बार काढी. पुढे त्याला संगणकावरच्या खेळांचा नाद लागला. रणगाड्यांचा एक खेळ होता. त्यात तो असा बुडे की हातातला चहा निवून वर साय धरे.

कालमुर्झाच्या जुन्या संगणकातून टकटक आवाज यायला लागला, तेव्हा रिस्पेकनेच निदान केलं. "हा आता थोड्या दिवसांचा सोबती आहे. लॅपटॉप घे. मी येतो बिश्केकला. तू एकटा गेलास तर तुला टोस्टर बांधून देतील."

कालमुर्झाने गोऱ्हा विकला आणि दोघं निघाले.

बाजारात रिस्पेक एकाही स्वस्त यंत्रापाशी थांबला नाही. शेवटी त्याने एक काळा, जाडजूड लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला, लेकरू घ्यावं तसा.

"हा तर खेळणाऱ्यांचा," कालमुर्झा म्हणाला. "मला सिनेमे लावायचेत."

"अरे मर्दा, जे यंत्र रणगाडे पळवतं त्याला तुझे सिनेमे म्हणजे ओझं का? उलट ते झोपेत चालवील."

दुकानदाराने विचारलं, "विंडोज कोणती राहू देऊ? यात अकरा आहे."

"दहा टाका," कालमुर्झा म्हणाला.

"सगळी दुनिया अकरावर गेली," रिस्पेक म्हणाला.

"दुनियेला जाऊ दे. मला कोचकोरला जायचंय." मग तो जरा बाजूला होऊन हळू आवाजात बोलला, कारण हे दुकानदाराने ऐकायचं नव्हतं. "नारिनच्या त्या मास्तरीणबाई आठवतात? त्यांच्या यंत्रात अकरा होती. दुरुस्तीला दिलं, उघडून परत लावलं, तर ते त्यांच्याकडे लांबलचक आकडा मागायला लागलं. आकडा कुठल्याशा खात्यात होता आणि खातं कुणाच्या नावावर आहे तेच ठाऊक नव्हतं. सगळं गेलं. रिस्पेक, माझे सगळे हिवाळे यात ठेवायचेत मला. माझ्या आवाजावर कुलूप नको."

"म्हातारीगत घाबरतोस."

"घाबरतो. तुला सांगतोय, दुसऱ्या कुणाला नाही."

रिस्पेकने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. "बरं बाबा. पण इथे नको, हे लोक आत काय काय भरतात. घरी गेल्यावर मीच टाकतो. दहा म्हणजे दहा."

दुसऱ्या दिवशी कालमुर्झा बॉयलरवरून परतला तेव्हा काम झालेलं होतं. पडद्यावर तेच ओळखीचं निळं चित्र होतं, डाव्या कोपऱ्यात तेच बटण, जुन्या संगणकावर होतं तसंच सगळं. त्याने कोळशाचे हात दोनदा धुतले आणि मगच लॅपटॉपला हात लावला. जुने सगळे सिनेमे त्यात आले आणि जुना संगणक पुढच्या आठवड्यात टकटक करत कायमचा गप्प झाला. गल्लीतल्या बायका नवी वस्तू बघायला आल्या आणि रीतीप्रमाणे बघण्याची भेट म्हणून झाकणावर गोळ्या-चॉकलेटं ठेवून गेल्या. सायरा आपाने, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांत थोरल्या म्हातारीने, झाकणावरून हात फिरवून विचारलं, "बाळा, यातही तू आहेस ना?"

"यातही मीच, आपा."

त्यानंतर कालमुर्झा शाळेत कोळसा ओढी आणि रिस्पेक त्याच्या घरी बसून खेळे. कालमुर्झाची बायको गुलायिम कुरकुर करी, "अहो, तुमचा कुर्दाश सकाळपासून लढाई लढतोय. या गोळीबाराने गाय पान्हा चोरायला लागली."

"लढू दे. त्यानेच तर सगळं बसवून दिलं."

एकदा पडद्यावर मधेच कसली तरी चौकट उगवली, तेव्हा कालमुर्झाने विचारलं, "हे काय मागतंय?"

"मागत नाही, सलाम करतंय," रिस्पेक म्हणाला आणि ती चौकट मिटवून टाकली. दोघंही हसले.

दोन हिवाळे असे गेले. मग कोचकोरच्या कितीतरी जणांसारखा रिस्पेकही मॉस्कोला निघाला, गोदामात खोकी उचलायला. बसपाशी त्याने कालमुर्झाला घट्ट मिठी मारली. कालमुर्झाने त्याच्या पिशवीत कुरुतचा, म्हणजे दह्याच्या वाळवलेल्या गोळ्यांचा, डबा कोंबला आणि तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी दिसलं असतं तर त्यावरून पुढची दहा वर्षं थट्टा झाली असती.

पानं गळायला लागली तेव्हा लॅपटॉप घरघरू लागला. आतल्या पंख्यात धूळ गेली असणार, आणि ती धूळ कुठली हे कालमुर्झाच्या नखांकडे बघून कुणालाही सांगता आलं असतं. यंत्र तो बाजाराजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात बुरुलायकडे घेऊन गेला. ही त्याच्याच शाळेत शिकलेली पोरगी, आता दोन लेकरांची आई.

"बायके, उघडून साफ करते," ती म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे बायके म्हणतात. "बॅटरी सोडवावी लागेल. आत अकरा असेल तर आधी तो आकडा लिहून आणा, नाही तर नंतर अडेल."

"दहा आहे," कालमुर्झा म्हणाला. त्याच्या बोलण्यात थोडी ऐटही होती. "माझ्या कुर्दाशाने स्वतः घरी बसून टाकलीय."

"मग काळजी नाही."

तिने पेच काढले, पंख्यातून काळ्या लोकरीसारखी धूळ उपसली, सगळं परत बसवलं आणि बटण दाबलं. निळा पडदा आला. ते निळं ओळखीचं नव्हतं. त्यावर एक रिकामी लांब चौकट होती आणि चौकट आकडा मागत होती.

बुरुलायने पडद्याजवळ तोंड नेऊन सगळं वाचलं. मग म्हणाली, "बायके, ही दहा नाही."

"दहाच आहे. कोपऱ्यातलं बटण बघितलंयस ना तू?"

"बटण कुठेही हलवता येतं. चित्रही लावता येतं. वरून दहाचे कपडे घातलेत, आत अकरा आहे." तिने पडद्याच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि खातं तुमच्या नावावर नाही. हे बघा, नावाची पहिली अक्षरं दिसतायत. रि, स्. पुढची झाकलीयत."

कालमुर्झाने ती दोन अक्षरं वाचली. मग पुन्हा वाचली. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, जणू कुणाच्या घरी मयताला आला होता.

फोन लागला तेव्हा रिस्पेक जेवणाच्या सुट्टीत होता. फोनच्या पडद्यावर त्याच्या मागे खोक्यांच्या उंच भिंती दिसत होत्या.

"आकडा दे," कालमुर्झा म्हणाला. "लॅपटॉप आकडा मागतोय."

रिस्पेक आधी गोंधळला, मग खो खो हसला. "ओळखलंस शेवटी! अरे गाढवा, एवढे दिवस लागले? मला वाटलं होतं, आठवड्यात पकडशील आणि मला बर्फात लोळवशील."

"दहा म्हणजे दहा म्हणाला होतास."

"तो नवा खेळ अकराशिवाय चालतच नव्हता, मर्दा. तू काही ऐकत नव्हतास. मग म्हटलं, याला कपड्यांवरून माणूस ओळखायची सवय आहे, तर कपडेच बदलू."

"बरं. आकडा दे."

हसू एकदम ओसरलं. पलीकडे कुणीतरी त्याला कामावर बोलावलं, त्याने हात हलवून थांब म्हटलं.

"ते खातं मी विकलं रे. माझे खेळ त्याच खात्यात होते, आणि इथे आल्या आल्या खोलीचं भाडं अडलं होतं. ज्याने घेतलं त्याने लगेच सगळं बदलून टाकलं. तो कोण, कुठला, मला ठाऊक नाही."

"माझा आवाज होता त्यात."

"आवाज तुझ्या गळ्यात आहे, तो कुठे जातोय? पुन्हा बोल." मग जरा थांबून, "रागावलास काय? कुर्दाशाची थट्टा आहे ही, कालमुर्झा."

कालमुर्झाने फोन ठेवला. बुरुलाय मान खाली घालून एकेक पेच डबीत टाकत बसली होती.

संध्याकाळपर्यंत गोष्ट वरच्या गल्लीत पोचली आणि गल्ली हसली. चोरोबेक आजोबा तर ठसका लागेपर्यंत हसले. "अकराला दहाचे कपडे! रिस्पेकचा बापही असाच होता. माझ्या लग्नात माझ्याच घोड्याला काजळी फासून मलाच विकायला आणला होता." मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "तू राग नाही ना धरलास?"

"नाही, आजोबा."

दुसरं काय सांगणार? राग धरायला त्याला जागाच नव्हती. शत्रूने हे केलं असतं तर गल्ली काठ्या घेऊन उठली असती. कुर्दाशाने केलं म्हणून त्याने हसावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती, आणि तो हसलाही. पण बॉयलरसमोर एकटा असला की फावडं हातात तसंच राही. इतके हिवाळे गेले याचं दुःख होतंच. त्याहून खोल रुतलं होतं ते निराळंच. आपली भीती त्याने जन्मात एकाच माणसाला उघडी करून दाखवली होती, आणि त्या माणसाने नेमकं तेच कुलूप आणून त्याच्या घरात बसवलं होतं. मग त्याच कुलपाशेजारी मांडी घालून, त्याच्याच बायकोच्या हातचा चहा पीत दोन हिवाळे खेळत बसला होता. सलाम करतंय, म्हणाला होता.

बुरुलायने एक दिवस निरोप धाडला की आतलं वाचवता येत नाही, सगळं पुसून नवं टाकावं लागेल. तो गेला.

"कोणती टाकू, बायके?"

"दहा. आणि माझ्यासमोर टाक."

ती टाकत होती तेवढा वेळ तो स्टुलावर ताठ बसून पडद्याकडे बघत राहिला. तिने दिलेला चहाही त्याने घेतला नाही. बुरुलायला वाईट वाटलं.

पहिला बर्फ पडला. पावलं वळली. काठ्या दाराशी टेकल्या. लावायला तयार एकही सिनेमा नव्हता, म्हणून कालमुर्झाने सगळ्यांच्या आवडीचा एक जुना सिनेमा पुन्हा मिळवला आणि पडद्याशेजारी बसून समोरासमोरच बोलायचं ठरवलं. गोष्ट दोन मित्रांची होती. पळवून नेलेले घोडे परत आणायला ते हिवाळ्यात घाट ओलांडतात. गुलायिमने कपाटातून त्या दोन लाकडी वाट्या काढल्या आणि टापा वाजवायला बसली. तिच्या टापा जरा मागे पडत होत्या.

कालमुर्झा बोलत गेला. चोर बोलले, घोड्यांचा मालक बोलला, त्याची बायको रडली. खोली शांत झाली. मग ती जागा आली. घाटाच्या तोंडाशी एक मित्र दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि काहीतरी म्हणतो. काय म्हणतो ते जाजमावरच्या प्रत्येक म्हातारीला पाठ होतं.

पडद्यावर ओठ हलले. कालमुर्झा गप्प होता.

"बाळा, घसा बसला का?" सायरा आपाने विचारलं.

"अरे बोल की," चोरोबेक आजोबा म्हणाले. "तू पुढे हो, मी तुझ्या मागेच आहे, असं म्हणतो तो."

"हो, असं म्हणतो," कालमुर्झा म्हणाला.

"मग?"

"खोटं बोलतो."

"काय सांगतोस! तो तर शेवटपर्यंत साथ देतो. आम्ही कितीदा बघितलंय."

"बघितलंय, आजोबा. पण त्याचं बोलणं तुम्ही ऐकलंय ते माझ्या तोंडून." त्याचा आवाज नेहमीसारखाच खोल होता, फक्त त्यात आता कुणाचंच सोंग नव्हतं. "तो काय म्हणतो ते आजवर मीच म्हणत आलो."

कुणी हसलं नाही. चोरोबेक आजोबांनी हातातला बोरसोक परत कापडावर ठेवला. सायरा आपा कालमुर्झाकडे एकटक बघत राहिली. तो रागावलेला आहे, आणि केव्हापासून रागावलेला आहे, हे बहुतेक तेव्हा तिला कळलं. तिने चहाची वाटी खाली ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "त्याचं राहू दे. बाकीच्यांचं सांग."

कालमुर्झाने बाकीच्यांचं सांगितलं. वारा सांगितला, घोडे सांगितले, पुढे जाणाऱ्या मित्राच्या हाका सांगितल्या. मागचा मित्र उरलेल्या सिनेमाभर बोलत होता. त्याचे ओठ हलत होते, आणि खोलीत शेगडीचा आवाज तेवढा येत होता.