ऑक्टोपॅडवाल्याचे कान

"आवाज आला की बटण दाब. बारीक आला तरी दाब. आला की नाही अशी शंका आली तरी दाब."

एवढं सांगून मी प्रणयच्या कानांवर हेडफोन चढवले, बूथचं जाड दार ओढून घेतलं आणि मशीनपाशी येऊन बसले. पाचेक मिनिटांत मला वाटायला लागलं की एकतर हा पोरगा ऐन तेविशीत अर्धा बहिरा झालाय, नाहीतर माझं मशीन बिघडलंय. मशीन बिघडलेलं नव्हतं. सकाळी सेंटर उघडलं की पहिली तपासणी मी माझ्या स्वतःच्या कानांची करते, त्याशिवाय पेशंट घेत नाही.

मी ऑडिऑलॉजिस्ट. माणसाला किती ऐकू येतं ते मोजणं हा माझा धंदा. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका साड्यांच्या दुकानाच्या वर माझं सेंटर आहे. खाली शेठ आणि गिऱ्हाईक यांची घासाघीस दिवसभर चालू असते, त्यामुळे बूथला पर्याय नाही. बूथ म्हणजे आतून फोम लावलेली, कपाटापेक्षा जरा मोठी खोली. फर्निचर बाजारातल्या मिस्त्रीने बनवून दिली. मी सांगितली होती त्याच्या दुप्पट काच त्याने बसवली, शोकेस असल्यासारखी. त्यामुळे आत बसलेला माणूस मला डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. तो भिंतीकडे तोंड करून बसतो, त्याला माझे हात दिसत नाहीत.

तपासणी सोपी असते. जाड सुरापासून तीक्ष्ण सुरापर्यंत एकेक सूर द्यायचा आणि पेशंटला ऐकू येईनासा होईपर्यंत तो हळू करत जायचा. आवाजाचं माप डेसिबल. कुजबूज साधारण तीस धरा, घरातलं बोलणं साठ. प्रणय पंचावन्नच्या खाली एकदाही बटण दाबत नव्हता. हे खरं असतं तर त्याच्याशी समोर बसूनसुद्धा मोठ्याने बोलावं लागलं असतं.

तो आला होता नोकरीच्या मेडिकलसाठी. अंबरनाथ एमआयडीसीत पत्र्याचे पार्ट बनवणारी एक कंपनी आहे. तिथल्या प्रेस शॉपमध्ये त्याचे वडील, सुरेश म्हात्रे, उभी हयात काढून बसलेत. प्रेस म्हणजे पत्र्यावर आदळणारं अजस्र मशीन. म्हात्र्यांचे कान त्यानेच गेलेत. मीच तपासलेत, कानाचं मशीन लावा म्हणून मीच सांगून थकलेय. "मी काय म्हातारा झालोय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्या कंपनीत एक जुनी रीत आहे. बापाने मुदतीआधी नोकरी सोडली तर त्याच्या जागी मुलाला घेतात. म्हात्र्यांची चार वर्षं शिल्लक होती. त्यांनी अर्ज देऊन टाकला होता. पोरगा मेडिकलमध्ये फिट ठरला की बाप बाहेर, पोरगा आत. परमनंट. अनफिट ठरला तर अर्ज आपोआप रद्द. त्या दिवशी म्हात्रे शिरगावहून पोराला घेऊन आले ते नवरदेवाला घेऊन आल्यासारखे. बाहेर बाकावर बसून आल्या-गेल्याला सांगत होते, त्यांच्या त्या टिपेच्या आवाजात.

मी तपासणी पुन्हा सुरुवातीपासून केली. खोटं बोलणारे इथे पकडले जातात. पहिल्यांदा चाळिसाला बटण दाबतात, दुसऱ्यांदा सत्तरला. कुठवर ऐकू येत नाही असं दाखवलं होतं ते त्यांच्या लक्षात राहत नाही. प्रणयचे आकडे तंतोतंत तेच आले. म्हटलं, अरे देवा, पोराचे कान खरंच गेले.

दार उघडून विचारलं, "काम काय करतोस सध्या?"

"ऑक्टोपॅड वाजवतो, मॅडम. बेंजो पार्टीत. हळदीच्या ऑर्डरी." आणि मी न विचारताच पुढे म्हणाला, "त्यानेच गेले असतील ना कान?"

आमच्याकडच्या हळदीबद्दल बाहेरच्यांना सांगायला हवं. आगऱ्यांची हळद म्हणजे वाटीभर हळद आणि चार बायका नव्हे. मंडप, अख्खं गाव आणि माणसाच्या दुप्पट उंचीची स्पीकरची भिंत. त्यासमोर ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, वाजवणाऱ्याचे कान जाऊ शकतात. पण कान गेलेला माणूस असा हसतमुखाने कारण पुरवत नाही. आणि एक गोष्ट मला आता खटकली. सकाळी मी त्याच्याकडे पाठ करून, कपाटात फाइल शोधत, तोंडातल्या तोंडात त्याचं पूर्ण नाव विचारलं होतं. त्याने लगेच सांगितलं होतं.

मग ते तंतोतंत आकडे? विचार केल्यावर तेही उलगडलं. आवाज किती मोठा, किती बारीक, याच्या अंदाजावरच हा पोट भरतो. ‘एवढ्याच्या खाली दाबायचं नाही’ असं ठरवलं की तो अंदाज त्याच्याकडून चुकणार नाही. पट्टीचा लबाड.

मी दार लावलं. आवाज तिसावर आणला, जो त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याला ऐकूच येत नव्हता. माझ्या मशीनवर सूर देण्याचं एक बटण असतं. दाबलं की सूर वाजतो, सोडलं की बंद. म्हणजे ते बटण तालात वाजवता येतं. इतकी वर्षं इथे राहून, इच्छा असो नसो, हळदीचा ठेका माझ्याही बोटांत बसलाय. तो मी वाजवायला घेतला.

प्रणयचा अंगठा हलला नाही. चेहरा भिंतीकडे, ढिम्म. चपला बाहेर काढलेल्या होत्या. दुसऱ्या आवर्तनात त्याच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर पडायला लागला. मी शेवटचा ठोका मुद्दाम गाळला. त्याच्या पायाने तो दिला. मी लय उतरवली, पाय उतरला. मी पुन्हा ठोका गाळला, त्याने पुन्हा भरला.

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग सणसणीत राग आला. दार उघडलं.

"छान वाजवतोस."

"काय, मॅडम?"

"पायाने म्हणतेय मी."

त्याने पायाकडे पाहिलं, जणू तो पाय दुसऱ्याच कोणाचा होता. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. कॅम्प तीनमधल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओवाल्याने त्याला बोलावलं होतं. गाण्याला ठेका, संगीत बांधून द्यायचं, ज्याला ते लोक अरेंजिंग म्हणतात. पूर्ण वेळ. हो की नाही ते लगेच सांगायचं होतं.

"वडिलांना सांगितलंस?"

"ते ऐकत नाहीत, मॅडम."

"ते वेगळ्या कारणाने ऐकत नाहीत. तू सांगितलंस का?"

"नाही." मग म्हणाला, "मी अनफिट झालो की पप्पांचा अर्ज रद्द. त्यांची नोकरी राहते, मला माझं करता येतं. कोणाला वाईट वाटायला नको."

"आणि बहिरा म्हणून माझ्या सहीचा कागद घेऊन तू म्युझिकमध्ये जाणार. शाबास. तुझ्या त्या स्टुडिओवाल्यालाही एक झेरॉक्स देऊ का?"

मी त्याला दुसऱ्या खोलीत नेलं आणि कानात एक बारीकसा प्रोब घातला. या तपासणीत बटण वगैरे नसतं. निरोगी कान आत गेलेल्या आवाजाला स्वतःहून एक अगदी क्षीण प्रतिध्वनी देतो, तो मशीन पकडतं. इथे कोणाचीही लबाडी चालत नाही. नंतर त्याला परत बूथमध्ये बसवलं आणि म्हटलं, आता माणसासारखा दाब.

कान चांगले होते. एक जागा सोडून. चार हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बऱ्यापैकी तीक्ष्ण सुरांपाशी, आलेख खाली वाकत होता. डाव्या कानात जास्त. प्रचंड आवाजाने कान खराब व्हायला लागतात ते बहुतेकदा इथूनच.

"डाव्या हाताला काय असतं तुझ्या?"

"स्पीकर."

मी त्याला आलेख दाखवला आणि हे भरून येत नाही हेही सांगितलं. आता मात्र पोराचा रंग उडाला.

"म्हणजे म्युझिक बंद करू?"

"मी म्हटलं का तसं? जागा बदल. कानाच्या मापाचे प्लग घाल. दर वर्षी तपासून घे. एवढं करूनही आणखी थोडे जाऊ शकतात, हे मी आत्ताच सांगून ठेवते. हळदीचा सीझन अर्धं वर्ष, बाकी वर्षाची खात्री कोणी देणार नाही. तरी करायचंय?"

"करायचंय." त्याने श्वासही घेतला नाही मध्ये.

"मग ते मला सांगून काय उपयोग? बाहेर सांग."

तेवढ्यात कंपनीच्या एचआरचा फोन आला. "मॅडम, म्हात्रेचा रिपोर्ट? उद्या जॉइनिंग आहे."

"फिट आहे. डाव्या कानात सुरुवात झालीय, तसं लिहिलंय. प्लगशिवाय प्रेसजवळ उभा करू नका."

"चालेल. उद्या आठला पाठवा."

"पाठवणं माझं काम नाही, साहेब. मी कान तपासते."

प्रणय बाहेर गेला. मी दारात उभी राहिले. बाकावर म्हात्रे, शेजारी कानाच्या मशीनचे सेल बदलून घ्यायला आलेल्या एक सिंधी आजी, पलीकडे एक नवरा-बायको. प्रणय वडिलांच्या कानाशी वाकला आणि काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोल," म्हात्रे म्हणाले.

तो परत बोलला, जरा वर.

"अरे, ऐकायला येईल असा बोल ना."

प्रणय सरळ उभा राहिला. "पप्पा, मला कंपनीत जायचं नाही. मला म्युझिकच करायचंय." खालच्या दुकानातली घासाघीससुद्धा थांबली असावी. आजींनी हातातली पर्स बंद केली.

"फेल झालास?"

"नाही. पास झालो."

"मंग?"

"पास झालो, तरी नको."

म्हात्र्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "माझं गुडघं गेलंय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "चार वर्षं आधी सोडतोय ते कनाला? तू लागलास की मी सुटलो, असा हिशोब होता माझा."

हे प्रणयला ठाऊक नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. कोणालाच वाईट वाटणार नाही अशी वाट त्याने शोधली होती आणि ती तिथेच संपली. मला वाटलं, संपलं. आता हा उद्या आठला गेटवर उभा राहणार. खरं सांगते, मला हळहळ वाटली.

"तुम्ही सुटा, पप्पा," तो म्हणाला. "घर मी बघतो. पण प्रेसवर उभा राहून नाही."

"हळदीवर? बारा महिने हळदी लागतात?"

"नाही लागत, म्हणूनच स्टुडिओ धरतोय. गाणी बारा महिने बनतात. गणपतीची, नवरात्राची, भीमजयंतीची."

"आणि नाय जमलं तर?"

"तर दुसरं काम शोधीन. तुमच्या जागेवर येणार नाही."

म्हात्रे माझ्याकडे वळले. "मॅडम, कान चांगलं हायत ना याचं?"

मी आलेख त्यांच्या हातात दिला आणि वाकलेल्या जागेवर बोट ठेवलं. "तुमचं सुरू झालं असेल तेही इथूनच."

त्यांनी त्या जागेवर स्वतःचं बोट फिरवलं. मग म्हणाले, "मना प्रेसवर लावला तेव्हा माझ्या बापाने विचारलं नव्हतं. मी पण नाय विचारलं याला." आणि पोराला, "अर्ज मागे घेतो मी. चार वर्षं उभा राहतो. तेवढ्यात तुझं बसव. मंग मी घरी, आणि मंग मना सांगायचं नाय की सीझन डाऊन हाय."

"नाही सांगणार."

एचआर माझ्यावर नाराज झाले. जॉइनिंग रद्द करावं लागलं, तुम्ही काउन्सेलिंग करता का, वगैरे. मी म्हटलं, मी फक्त दार उघडलं.

प्रणय स्टुडिओत लागला. दर वर्षी तपासायला येतो, प्लग गळ्यात दोरीला अडकवलेले असतात. आलेख अजून तरी खाली घसरलेला नाही. कामाचं विचारलं तर एखाद्या वर्षी भरपूर आहे म्हणतो, एखाद्या वर्षी विषय बदलतो. म्हात्रे अजून प्रेसवर आहेत. माझा जिना चढताना आता दोनदा थांबतात आणि त्याबद्दल पोराला शिव्याही देतात, तोंडावर.

पेशंट नापास व्हायला येतात हे मला त्याआधीही माहीत होतं, त्यांना पकडायच्या युक्त्याही येत होत्या. त्या दिवशी एवढंच नवीन कळलं की नको असलेल्या नोकरीत नापास होऊन सुटका नसते. आधी पास व्हावं लागतं, मग नाही म्हणावं लागतं, आणि ज्याला त्याची किंमत मोजायची आहे त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणावं लागतं.