दोघींच्या नावावरचे आकडे

ओपल हेन्स्लीनं पासाडिनाला वेधशाळेच्या कचेरीत तेवीस वर्षं ताऱ्यांच्या काचपाट्या मोजल्या. डोंगरावर दुर्बिणीनं ताऱ्याचा उजेड फाकवून काचेवर उतरवायचा आणि खाली कचेरीत बायकांनी त्यातल्या केसासारख्या रेषा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. रेष कुठं पडली यावरून ताऱ्यात लोखंड आहे की आणखी काही, ते कळायचं.

शेजारच्या टेबलावर व्हर्निस टॉलिव्हर. रविवारी चर्चमध्येही दोघी एकाच बाकावर. प्रत्येक पाटी दोघींनी वेगवेगळी मोजायची, तीही एकदा सुलटी, एकदा उलटी. माणसाचा डोळा नेहमी एकाच बाजूला चुकतो. पाटी उलटवली की चूक चुकीला खाते.

"नवऱ्याला असं उलटून बघता आलं असतं," व्हर्निस म्हणायची, "तर माझा मी लग्नाआधीच परत केला असता."

तो नवरा वारला आणि व्हर्निसचं घर तिच्या एकटीच्या पगारावर आलं. पुढं १९५१ साल उजाडलं, आणि तिचे सुलटे-उलटे आकडे जुळेनासे झाले. साफ प्रत काढायचं काम ओपलकडे, म्हणून ते फक्त तिलाच दिसलं. तिनं व्हर्निसलाही ते सांगितलं नाही. दुपारी व्हर्निस अंगणातल्या बाकावर सँडविच खायला गेली, की ओपल तिच्या पाट्या पुन्हा मोजायची आणि आपलेच आकडे तिच्या नावापुढं घालायची. एकमेकांची ओझी वाहा, असं बायबलात पौलाच्या पत्रात आहेच. आठ महिने तिनं ते ओझं वाहिलं आणि रोज प्रार्थनेत आभारही मानले.

मग एका म्हाताऱ्या तांबड्या ताऱ्याची पाटी आली. तिच्या आकड्यांची प्रत हातात घेऊन वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ डॉक्टर अ‍ॅम्ब्लर स्वतः टेबलाशी आले.

"ओपल, ही रेष टेक्नेशियमची दिसतेय. ते दोन लाख वर्षांत निम्मं विरून जातं. तारा त्याहून कितीतरी जुना. जन्मापासूनचं असतं तर आज कणभर उरलं नसतं."

"मग आलं कुठून?"

"तिथंच शिजतंय. चूल अजून पेटलेली आहे. तारे मूलद्रव्यं घडवतात असं आपण नुसतं म्हणत होतो, आता भांड्यात डोकावायला मिळालं. पण रेष केसभर सरकली तर ती दुसऱ्याच कशाची तरी ठरेल. ही मोजणी दोन वेगळ्या माणसांच्या डोळ्यांची आहे ना?"

व्हर्निस समोरच पेन्सिलीला टोक करत होती. ओपलला 'हो' म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं.

"नाही," ती म्हणाली. "दोन्ही मोजण्या माझ्याच आहेत. कितीतरी महिन्यांपासून."

पेन्सिल थांबली.

पाटी कॉलेजातून आलेल्या एका नव्या मुलीकडं गेली. तिचे आकडे ओपलच्या आकड्यांशी तंतोतंत जुळले. रेष जिथल्या तिथं होती. ओपल 'हो' म्हणाली असती, तरी ताऱ्याचं काही बिघडणार नव्हतं.

महिनाअखेर व्हर्निसनं टेबल आवरलं. मधल्या काळात ती डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आली होती. डोळ्यांतला दाब वाढलेला. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाला; थेंब आधी सुरू झाले असते तर निदान होती तेवढी टिकली असती.

"व्हर्निस, मी तुझ्यासाठीच…"

"ठाऊक आहे मला." व्हर्निसचा आवाज चढला नाही. "दिव्याभोवती मला कडी दिसायची गं. तेव्हाच जाणार होते दाखवायला. पण म्हटलं, माझ्या पाट्या तर साफ प्रतीत ओपलशी जुळतायत. डोळे बिघडले असते तर जुळल्या असत्या का?"

ती आपला चष्मा चाचपडत होती. तो टेबलावर तिच्या हातापासून वीतभर होता. ओपलनं तो उचलून दिला नाही. हातच पुढं होईना.

व्हर्निस भावाकडं नेब्रास्काला गेली. ओपल दर नाताळाला तिला पत्र लिहायची. पहिल्या वर्षी तिनं चार पानं लिहिली होती, सगळं होतं त्यांत. पण पाकीट बंद करताना तिच्या ध्यानात आलं, की ही चार पानं आता व्हर्निसची भावजय स्वयंपाकघरात बसून तिला मोठ्यानं वाचून दाखवणार. तिनं ती फाडली. मग हवेबद्दल लिहिलं, चर्चमधल्या गाण्यांबद्दल लिहिलं. पुढंही दरवर्षी तेवढंच लिहीत गेली.