उलट्या हाताचा जोडीदार

जगातल्या प्रत्येक वस्तूत वीज उतरलेली आहे आणि ती नेमकी आपल्यासाठीच टपून बसली आहे, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला. चंद्रपूरला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला तो माझा प्रॅक्टिकलचा जोडीदार होता, अहेरीचा. पहिल्या वर्षी सरांनी सांगितलं, यंत्राला आधी उलटा हात लावा, म्हणजे पंजाची मागची बाजू. करंट असला तर सरळ हाताची मूठ आवळली जाते, उलटा हात झटकून मागे येतो. आम्ही ते परीक्षेपुरतं घेतलं, याने जन्माचं घेतलं. मेसचं ताट, नळाची तोटी, एसटीचा दांडा, सगळ्यांना आधी उलटा हात. एकदा प्राचार्यांनी हात मिळवायला पुढे केला, तर त्यालाही याने मागच्या बाजूने शिवून पाहिलं. वर मला म्हणाला, "साहेब लोकाईत करंट राह्यतेच."

इथवर हसण्यासारखं होतं. शेवटच्या वर्षी एका सिमेंट कारखान्यात माझी नोकरी ठरली. फक्त सगळे विषय सुटायला हवे होते. कुरखेड्याहून आल्यापासून खोली, मेस, पुस्तकं मी भाव करून मिळवली होती. या नोकरीचा पगारही घासाघीस करून वाढवून घेतला होता. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला मोटर जोडली, स्विचकडे हात नेला, आणि याने माझं मनगट धरलं.

"थांब बे. अर्थिंगची तार ढिली वाटते."

"घट्ट आहे. हात सोड!"

"मले पाहू दे ना."

एकेक जोडणी सोडून तो पुन्हा आवळू लागला. परीक्षक घड्याळाकडे पाहत होते. घामाने शर्ट माझ्या पाठीला चिकटला.

"सर, दहा मिनिटं द्या."

"वेळ संपली."

"बरं, पाच."

"ही काय भाजीची गुजरी आहे?" म्हणत ते उठले.

तार घट्टच होती. दोघंही नापास. माझी नोकरी गेली. "जिवंत तर आहो ना भाऊ," तो म्हणाला. मी बोलणं टाकलं.

त्याच आठवड्यात मलेरियाने खोलीत पडलो. तो आत आला, कपाळाला उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला. "आहे बे! इथी आहे करंट!" दवाखान्यात न्यायला रिक्षावाल्याने मागितले तेवढे पैसे तो मुकाट काढू लागला.

"एवढे काऊन देऊन राह्यला? अर्ध्यात येते तो!" मी तापातच ओरडलो. अबोला असा सुटला.

आज कोरपन्यात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. ती नोकरी मी त्याला अजून माफ केलेली नाही. भेटही होत नाही. पण ताप आला की बायको कपाळावर तळहात ठेवते, आणि मला वाटत राहतं, असा ताप कळायचा नाही. हात उलटा हवा.